जुनं ते सोनं, नवं ते टेस्टेड

डिसेंबरात पुण्यात ‘सवाई’ महोत्सवाला जाऊन बघा. मंडपात गाणं चालू असतं आणि खाण्याच्या स्टॉलपाशी गाण्याबद्दलचं मत चालू असतं. गाण्याला तिकीट आहे. मताला एक प्लेट साबुदाणा वडा पुरतो.

मला भेटलेल्या काकांच्या हातात चहाचा कागदी कप होता, अंगावर शाल होती आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणाच्या तरी दहाव्याला जाऊन आल्याचा भाव. “आता ते राहिलं नाही हो,” काका म्हणाले.

काय राहिलं नाही?

“ते.”

आत एक तिशीतली गायिका मारव्याचा ऋषभ जीव टाकून लावत होती. काका तो ऐकायला थांबले नव्हते. राहिलं नाही हे ठरवायला ऐकावं लागत नाही, वय लागतं.

आजचे कलावंत, आजचे कारागीर जुन्या उस्तादांच्या पंक्तीला बसतील का? हा प्रश्न आपल्याकडे हुरड्यासारखा दर हिवाळ्यात येतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. साथ हवी असते.

काकांना विचारावंसं वाटलं, ज्या महोत्सवात उभं राहून तुम्ही हे म्हणताय, त्याच्या नावाचा अर्थ काय?

सवाई म्हणजे सव्वापट. बालगंधर्वांचं नाव घराघरात असताना लोकांनी रामभाऊ कुंदगोळकर नावाच्या गायकाला गंधर्वाच्या सव्वापट ठरवून टाकलं. कुणी चिडलं असेल, कुणी हसलं असेल. पण म्हणायची छाती होती. आज एखाद्या नव्या पोराला ‘सवाई भीमसेन’ म्हणून बघा. दोन पेठांचं बोलणं बंद होईल.

आपण पुढे काय केलं? गंधर्वांच्या शाखा काढल्या. बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व, आनंद गंधर्व. एवढ्या शाखा आमच्या सहकारी बँकेच्याही नाहीत. आणि ही पेढी अजून बुडालेली नाही.

त्यातले कुमार गंधर्व मोठेपणी कुणासारखंच गाईनात, तेव्हा शुद्धतावाल्यांनी कपाळाला हात लावला. आज त्याच मंडळींची नातवंडं नव्या मुलांना बजावतात, ‘जरा कुमारजींसारखं वेगळं करा.’

कुमारजींसारखं. वेगळं.

तुलना करायची तर दोन्ही बाजू ऐकायला नकोत का? भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. आपल्या देशात गाण्याच्या तबकड्या निघायला लागून तोवर चाळीस वर्षं उलटली होती, तरी खाँसाहेबांचीही नाही. दोघं थोर होते यात शंका नाही. त्यांचे शिष्यच बोलतात. पण ‘भास्करबुवांची सर नाही’ असं आमचे काका म्हणतात, तेव्हा काका नेमके कितव्या रांगेत बसले होते?

आजोबांनी ऐकलं, वडिलांना सांगितलं, वडिलांनी जेवताना मुलाला सांगितलं. इतक्या तोंडांतून गाळून आलेल्या तानेत बेसूर उरेल कसा?

खाँसाहेबांचीच गंमत बघा. तरुणपणी त्यांचा आवाज गेला आणि पूर्वीसारखा परत आला नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. तिला आपण आज जयपूर घराण्याची परंपरा म्हणतो आणि तिच्यात बदल केलेला आपल्याला खपत नाही. तेच खाँसाहेब आज टीव्हीवरच्या स्पर्धेत गेले असते तर परीक्षकांनी सांगितलं असतं, ‘बेटा, आवाजावर काम कर. पुढच्या सीझनला ये.’

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांतल्या सोनेरी तबकडीवर चढली आणि आता सूर्याच्या वेशीबाहेर पोचली आहे. शिष्येचा आवाज ताऱ्यांमध्ये, गुरूचा पृथ्वीवरसुद्धा नाही. आणि तरीही, किंवा म्हणूनच, शेवटचा शब्द गुरूचा.

आजच्या गायिकेचं काय? तिचा एक षड्ज खोकल्यात गेला, तर पहाटेपर्यंत तो चौदा व्हॉट्सॲप ग्रुपांत फिरून आलेला असतो. भास्करबुवा कधी खोकलेच नाहीत. निदान तसं रेकॉर्ड नाही.

बरं, दगडाकडे वळू. दगड खोकत नाही.

वेरूळचं कैलास लेणं. क्रमांक १६, आठवं शतक, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला. एका डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ. कळस आधी, पाया नंतर. हत्तीची सोंड चुकून जास्त तासली गेली तर चिकटवायला काही नाही. इथे आजच्यांनी मुकाट्यानं हात जोडावेत, हे मलाही मान्य.

पण नवव्या शतकाच्या सुरुवातीचा एक राष्ट्रकूट ताम्रपट बडोद्याला सापडला आहे. त्यात या देवळाचं कौतुक आहे आणि एक मजेशीर बातमीही आहे. ते उभं करणारा स्थपती स्वतःच चकित झाला म्हणे. आपल्या हातून हे झालं तरी कसं, पुन्हा करायला घेतलं तर धीर पुरायचा नाही, असं त्यालाच वाटलं.

म्हणजे जुन्या उस्तादांची बरोबरी खुद्द जुन्या उस्तादांनाही झेपत नव्हती. मग आमच्या पोरांवरच डोळे का?

अजिंठ्याला तर याहून वाईट हकिगत आहे. चौथं लेणं तिथलं सगळ्यांत मोठं विहार. खडकातच दोष निघाला आणि मोठ्या दालनाचं छत खाली आलं. आजच्या भाषेत स्लॅब कोसळला. त्यांनी काय केलं? वाऱ्याचा वेग मोजला नाही. छत आणखी वर कापून घेतलं आणि पुढचं काम धरलं. तेही पुरं झालं नाही, हा भाग वेगळा.

चोविसावं लेणं अर्धवटच आहे. काही खांब असे उभे आहेत, जणू गवंडी जेवायला गेला आणि परतलाच नाही. वाकाटकांचा हरिषेण गेला, दात्यांचे हात आखडले, छिन्न्या थांबल्या, अशी मांडणी अभ्यासक करतात. बिल थकलं की काम थांबतं ही परंपरा किमान पंधराशे वर्षांची. हिला अजून कुणी मानांकन मागितलेलं नाही.

अर्धवट लेण्यापुढे सेल्फी काढणारा माणूस मी पाहिलेला नाही. जुन्यांचं आपण वेचून बघतो, नव्यांचं सरसकट. घरातल्या थोरल्या आणि धाकट्या सुनेचा न्याय.

वाऱ्यावरून आठवलं.

मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवरायांच्या पस्तीस फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. मध्ये पावसाळा एकच, तोही पुरता संपला नव्हता. वारा ताशी पंचेचाळीस किलोमीटरचा होता, असं तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. कोकणात पंचेचाळीसच्या वाऱ्यात माड मान हलवतो. तीही नाही म्हणायला.

कोसळण्याआधी काही दिवस सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यानं नटबोल्टांना गंज चढल्याचं पत्र लिहिलं होतं. पुतळा पडला. पत्र शाबूत आहे.

आणि हे सगळं कुठे? तर जिथून समोर पाण्यात सिंधुदुर्ग दिसतो तिथे. १६६४ साली पाया घातला, तीन वर्षांत तट उभा. पायात शिसं ओतलं म्हणतात. साडेतीनशेहून जास्त पावसाळे त्या तटावर आपटून परत गेले. त्यांचा वेग कुणी मोजला?

इथे काका जिंकले असं वाटेल. बघा, ते कुठे आणि हे कुठे!

थांबा. कला संचालनालयाकडे परवानगीला गेला तो सहा फुटांचा नमुना, असं संचालकांनीच नंतर सांगितलं. उभा राहिला पस्तीस फुटांचा. मधले एकोणतीस फूट कुणाचे? ते कुठल्याच कारागिराचे नसतात. ते हौसेचे असतात.

तारखेचंही तेच. नौदल दिन ४ डिसेंबरला. पाहुणे त्या दिवशी येणार, म्हणजे पुतळा त्या दिवशी हवा. सिंधुदुर्गाचा पाया घालण्याला मुहूर्त होता. उद्घाटनाची पत्रिका छापून मग कुणी शिसं वितळवायला घेतलं नव्हतं. आजच्या कामात पत्रिका आधी छापतात आणि ओतकाम तिला गाठायला धावतं. असं धावलेलं ओतकाम थोडं दमणारच.

आता तिथेच मे २०२५ पासून साठ फुटांचा नवा पुतळा उभा आहे. तो राम सुतारांच्या शिल्पशाळेतला. सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. तरुणपणी पुरातत्त्व खात्यात नोकरीला होते तेव्हा अजिंठा-वेरूळच्या मूर्तींची डागडुजी करत. पुढे त्याच माणसानं १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांना आकार दिला. त्यांना वेरूळची बरोबरी साधली का, हे काकांनी ठरवावं. वेरूळची झीज भरता येत होती, एवढं खातं सांगेल.

आणि नावाचं काय? रायगडावर जगदीश्वराच्या देवळापाशी पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. पायरीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडावा अशा जागी. आजच्या कोनशिलेवर उद्घाटक असतो, अध्यक्ष असतो, प्रमुख उपस्थिती असते, विशेष उपस्थिती असते आणि ‘यांच्या शुभहस्ते’ असतात. कारागीर शोधावा लागतो.

काही कोसळलं की मात्र लगेच सापडतो.

समजा, आज कुणी बरोबरी केलीच. आपल्याला कळेल? टीव्हीवर नऊ वर्षांची मुलगी सत्तर वर्षांपूर्वीचं गाणं म्हणते. परीक्षक उभे राहतात, डोळे पुसतात, ‘हुबेहूब!’ म्हणून ओरडतात. बक्षीस हुबेहूबला मिळतं. मग बक्षीस समारंभाचे अध्यक्ष माइक हातात घेऊन खंत व्यक्त करतात की नव्या पिढीत स्वतःचं असं काही नाही.

आपल्याला प्रतिपंढरपूर लागतं, प्रतिशिर्डी लागते, प्रतिबालाजी लागतो. देवालाच जिथे दुसरी आवृत्ती काढायला लावली, तिथे गायक किस झाड की पत्ती?

पैठणी घ्या. म्हणजे उदाहरणाला घ्या. दुकानात आपल्याला परवडायची नाही. येवल्याला आजही विणकर हातमागावर पदरातला मोर छापत नाही, भरतो. रंगागणिक वेगळी कांडी, बोटानं ताण्यातून घालायची, काढायची, पुढची घ्यायची. मोराच्या गळ्याचा निळा संपून हिरवा सुरू होतो तिथे कांड्या बदलताना विणकर श्वाससुद्धा हिशेबानं घेतो. भरगच्च पदर असला तर महिने जातात. हे कोण करतं? वाकाटक? सातवाहन? आत्ताचा माणूस करतो, शेजारी मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर लावून.

तरी दुकानात बसलेली बाई पदर चिमटीत धरून म्हणते, “पूर्वीसारखी जर राहिली नाही.”

बरोबर आहे. पूर्वी सोन्या-चांदीची होती. आता बहुतेक टेस्टेड. बाजारात टेस्टेड म्हणजे खरी नसलेली. परीक्षा झालेल्या मालाला खोटा म्हणणारा हा एकच धंदा. शिक्षणाचा सोडून.

पण त्या खऱ्या जरीच्या पैठण्या गेल्या कुठे? आजीच्या ट्रंकेत? नाही. जाळल्या. जुनी जर जाळून तिच्यातली चांदी काढणारे होते. त्यांना वजनावर विकल्या. उरल्यासुरल्या बोहारणीकडे गेल्या. पैठणी दिली, स्टीलचं तपेलं घेतलं, वर एक चमचा मागितला. नव्या विणकराला जुन्याची सर नाही म्हणणाऱ्या घरात जुन्या विणकराला तपेल्याची सर नव्हती.

पुढे टीव्हीवर फुगे फोडून पैठणी जिंकता येऊ लागली. लग्नात यंत्रमागावरची ‘सेमी’ मिरवली तरी कुणाला कळत नाही. अपवाद एका मावशीचा. ती गर्दीत हळूच पदराचं टोक उलटं करते. मागे धागे लोंबताना दिसले की काही बोलत नाही, नुसतं “छान आहे हं” म्हणते आणि जिलबीकडे वळते. हातमागाचा मोर मागूनही मोरच दिसतो, हे महाराष्ट्रात आता विणकराला ठाऊक आहे आणि या मावशीला.

कोल्हापुरी चपलेचं लवकर उरकतो. बाभळीची साल, हिरडा, कमावलेलं चामडं, खिळा नाही, शिवण चामड्याच्याच वादीची. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत उभं राहून आपण म्हणतो, “दीडशे कमी करा, नेहमीचं गिऱ्हाईक आहे.” नेहमीचं म्हणजे सहा वर्षांतून एकदाचं. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या मंचावर तश्शीच चप्पल चालली आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. महाराष्ट्र पेटला. पुढे कंपनीनं प्रेरणा कुठली ते कबूल केलं. महाराष्ट्र विझला. चप्पल लाइनीत घासाघीस पूर्ववत सुरू झाली.

प्राडाच्या दुकानात कुणी ‘काका, फायनल सांगा’ म्हणतं का?

आज ज्यांना उस्ताद म्हणून ओवाळतो, त्यांना त्यांच्या काळात काय मिळालं तेही बघा. रवि वर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, मग तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञ जर्मन, लक्ष्मी आपली. घराघरात तसबिरी लागल्या आणि जाणकारांनी नाकं मुरडली: बाजारू, विलायती नक्कल. आता त्यातलीच एखादी पिवळी पडलेली तसबीर जुन्या बाजारात सापडली तर तिच्यासाठी वेगळा दिवा लावून भिंत राखून ठेवतात. बाजारू ठरायला पाच वर्षं पुरतात, वारसा व्हायला शंभर. कागद तोच.

पेटीचंही हेच. साहेबाच्या देशातून आली, मींड निघत नाही, सूर टेम्पर्ड म्हणून १९४० साली नभोवाणीनं तिच्यावर बंदी घातली. ती तीसेक वर्षं चालली. आज पेटीशिवाय ना कीर्तन उभं राहत, ना ख्याल बसत. इलेक्ट्रॉनिक तानपुरा म्हटला की ज्यांच्या कपाळाला आठी पडते, ते बहुधा पेटीवर बोटं ठेवूनच आठी पाडतात.

तानपुऱ्यावरून आता माझीच पाळी.

आमच्याकडे आत्याचा तंबोरा होता. आत्या गेली, तंबोरा माळ्यावर गेला. भोपळ्याला तडा, तबली दबलेली, दोन खुंट्या गायब. मुलीनं गाणं सुरू केलं तेव्हा घरात सर्वानुमते ठरलं, ‘मोबाइलवर ॲप आहे की.’ ॲप फुकट असतं, तडकत नाही, माळा अडवत नाही. तरी मी तंबोरा घेऊन मिरजेला गेलो. आत्याच्या प्रेमापोटी म्हणालो असतो, पण खरं कारण सदराला विषय हवा होता.

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. हत्यारं घडवणारे, धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांच्या लढाया सरल्या, तलवारी भिंतीवर गेल्या, शिकलगारांच्या पोटावर पाय आला. तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली. दीडशे वर्षांची थोर परंपरा म्हणून आपण जिचा गौरव करतो, ती धंदा बसल्यावरची सोय होती. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

“मानांकन मिळालं, भोपळा मिळंना,” दुकानातले चाचा म्हणाले. भोपळा पंढरपूरकडून येतो, भीमेकाठचा. कडू असतो, खायच्या कामाचा नाही. “आता समदे ऊस लावतात. उसाला कारखाना हाय. भोपळ्याला कोन हाय?” तरी माझ्या नशिबानं त्यांनी एक ठेवला होता.

मग मी तो प्रश्न विचारला. सदर लिहिणाऱ्याला विचारावाच लागतो. “चाचा, जुन्या लोकांच्या हातचं काम आता होतं का हो?”

चाचा कानस शोधत होते. “जुनी म्हंजे कुटली? माझ्या आज्यानं केलेलं तंबोरं बिघडून माझ्याकडंच येतात की.”

यावर काय लिहिणार? मी वहीत लिहिलेलं खोडलं.

आकडा सांगितला तो आमच्या मोटारीच्या शेवटच्या सर्व्हिसिंगपेक्षा कमी होता. ते बिल मी निमूट भरलं होतं, वर ‘थँक यू’ म्हटलं होतं. इथे तोंडातून आपसूक निघालं, “चाचा, जरा बघा की.” चाचांनी पाचशे कमी केले. वर मान करून बघितलंसुद्धा नाही, सवय असणार.

“कधी देणार?”

“महिना लागंल. तबली नवी बसवायची, ती मुरायला पायजे.”

“पुढच्या शनिवारी घरी बैठक आहे.”

आमंत्रणं गेली होती. पत्रिका आधी, काम नंतर. मालवणवर एवढे परिच्छेद लिहिलेला माणूस तो हाच.

चाचा म्हणाले, “शुक्रवारी या. पन महिन्यानं परत आना.”

शुक्रवारी गेलो तेव्हा जवारी काढायची तेवढी राहिली होती. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण नसतो. त्याला केसाएवढा उतार असतो. तार त्या उताराला टेकत-सुटत थरथरते, म्हणून तंबोरा नुसता वाजत नाही, भरतो. उतार चुकला की पत्र्याचा आवाज. चाचांनी आधी खिशातून मोबाइल काढला आणि ॲपवर काळी चार लावली. माझे डोळे मोठे झाले.

“सुराला काय,” चाचा म्हणाले, “कुटनं बी घ्यावा.”

सूर घेतला, मोबाइल उपडा ठेवला. तार सैल केली. घोडीवरून कानस दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा हात उचलला आणि थांबले. फुंकर मारली. तार चढवली, छेडली, मान कलती करून ऐकली, पुन्हा उतरवली. पुन्हा एकदाच कानस. मी मोजत होतो. असं अकरा वेळा झालं. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि नखानं तो इतकुसा पुढे, इतकुसा मागे करत राहिले. एका जागी खोलीतली हवाच बदलली. मला वाटलं पंखा लावला. वर बघितलं, तिथे पंखा नव्हता.

“ॲपमध्ये हे नाही का येत?”

“येतं की. त्यांनी भरलेला तंबोरा बी मिरजंचाच आसंल.”

शनिवारी बैठक झाली. मध्यंतरात एक ज्येष्ठ रसिक तंबोऱ्यापाशी येऊन बसले. शाल होतीच. भोपळ्यावरून हात फिरवला, तबलीवर टिचकी मारली, डोळे मिटून एक तार छेडली. “हे बघा,” बाकीच्यांना म्हणाले, “याला म्हणतात जुन्या कारागिरांचं काम. आता असे तंबोरे होत नाहीत.”

भोपळा त्या आठवड्यात लागलेला. तबली त्या आठवड्यातली. घोडी नवी, खुंट्या नव्या, तारा नव्या. आत्याची म्हणावी अशी एक दांडी तेवढी उरली होती, आणि तिलाही चाचांनी पॉलिश मारून दिलं होतं.

“खरंय,” मी म्हटलं आणि त्यांना चहा दिला.

महिना होऊन गेला. तंबोरा मिरजेला परत न्यायचा राहिलाच आहे.